भाकर आणि ग्रास: ख्रिस्ती प्रार्थनेंतील अन्नरूपकाचा इतिहास

[१]

ख्रिस्ती लोकांची जी नित्य प्रार्थना ‘प्रभूची प्रार्थना’ या नांवानें प्रसिद्ध आहे, तींत मत्तयाच्या पाठाप्रमाणें सात मागणीं मोजण्याचा प्रघात आहे. देवाचें नाम, त्याचें राज्य व त्याची इच्छा हीं पहिलीं तीन. अपराधांची क्षमा, मोहापासून रक्षण व दुष्टापासून सुटका हीं शेवटचीं तीन. या दोन त्रिकांच्या बरोबर मध्यावर चौथें मागणें येतें, आणि तें पोटाचें आहे. आजच्या दिवसापुरतें अन्न मिळावें, एवढेंच तें. मोक्षविषयक मागण्यांच्या मधोमध भाकरीस बसविलेलें पाहून वैराग्यपर ग्रंथांत वाढलेल्या वाचकास सहजच नवल वाटतें.

हें अन्न शरीराचें कीं आत्म्याचें, हा वाद त्या धर्माच्या पहिल्या शतकांपासून चालत आलेला आहे. पुढें ही प्रार्थना आमच्या देशांत आली, तेव्हां त्या अन्नास कोणता देशी शब्द द्यावा हा प्रश्न गोव्याच्या पाद्र्यांपुढें व नंतर मुंबई-अहमदनगरच्या मिशनऱ्यांपुढें उभा राहिला. या दोन प्रश्नांचा इतिहास वस्तुतः एकच आहे, असें आमचें म्हणणें आहे. हें रूपक अन्नाच्या रोजपणावर उभें आहे. अन्न स्वयंपाकघरांतून जितकें दूर गेलें तितकें रूपक क्षीण झालें. आणि तें परत घरांत आलें तेव्हां त्याबरोबर एक अवघड प्रश्नहि घरांत आला, तो म्हणजे हें अन्न कोणी कोणाच्या पंक्तीस बसून खावयाचें. प्रस्तुत टिपणांत हें क्रमानें दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

[२]

प्रथम ज्या भूमींत हें रूपक जन्मलें तिचा विचार करूं. पॅलेस्टाइन देशांतील मुख्य धान्यें दोन, गहूं व जव. जव आधीं, वल्हांडण सणाच्या सुमारास, म्हणजे आमच्या चैत्राच्या मागेंपुढें, कापणीस येतो. गव्हाची कापणी त्यानंतर सुमारें सात आठवड्यांनीं संपते. जव हें गरिबाचें धान्य. पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजार लोक जेवल्याची कथा चारहि शुभवर्तमानांत आहे. परंतु त्या भाकरी जवाच्या होत्या, हा तपशील एकट्या योहानानें नोंदलेला आहे. चौघांत तत्त्वचिंतनाकडे विशेष ओढा योहानाचा, आणि येशूस जीवनाची भाकर म्हणणारें दीर्घ प्रवचन त्याच अध्यायांत आहे. रूपक जितकें उंच न्यावयाचें तितका त्याचा पाया खालच्या धान्याचा घेतला, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

इब्री भाषेंत भाकरीस ‘लेहेम’ म्हणतात. त्याचाच सोदर अरबी शब्द ‘लह्म’ मांस या अर्थीं रूढ आहे. ज्या समाजाचें जें मुख्य अन्न, त्यास तो शब्द चिकटला, असें यावरून दिसतें. येशूचें जन्मस्थान म्हणून सांगितलेल्या बेथलेहेम या गांवाच्या नांवाचा इब्रींतील सरळ अर्थ ‘भाकरीचें घर’ असा होतो. जुन्या करारांतील ‘अनुवाद’ नांवाच्या पुस्तकांत जातें किंवा जात्याचा वरचा दगड गहाण घेऊं नये असा निर्बंध आहे. कारण तसें करणें म्हणजे त्या घराचा जीवच गहाण घेणें होय. पहांटे घरोघर जातें फिरत असे, आणि तें बंद पडणें हें ओस पडलेल्या नगराचें लक्षण मानीत. आमच्या खेड्यांतील पिठाच्या गिरणीपूर्वीचा काळ ज्यांस आठवतो किंवा वडिलांकडून ऐकून माहीत आहे, त्यांस या चित्राची निराळी टीका नको.

याच परंपरेंतील दुसरी कथा ‘निर्गम’ पुस्तकांतील मान्नाची. अरण्यांत भटकणाऱ्या इस्राएल लोकांस आकाशांतून अन्न मिळे. परंतु तें माणशीं ठराविक मापानें व त्या त्या दिवसापुरतेंच वेंचावयाचें. अधिक सांठविलें तर त्यांत किडे पडत. विश्रामवाराच्या आदल्या दिवशीं मात्र दुप्पट घेण्याची मुभा होती. संस्कृतज्ञांस येथें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांतील गृहस्थांचें वर्गीकरण आठवेल. कोठारभर धान्य बाळगणारा कुसूलधान्यक, मडकेंभर बाळगणारा कुम्भीधान्यक, तीन दिवसांपुरतें बाळगणारा त्र्यहैहिक, आणि उद्यांचेंहि न बाळगणारा अश्वस्तनिक. या चौघांत उत्तरोत्तर श्रेष्ठता सांगितली आहे. दोहों परंपरांचा परस्परसंबंध होता असें आम्ही सुचवीत नाहीं. दोहोंचा रोख मात्र एक आहे: सांठवण हा विश्वासाचा उणेपणा. भेद इतकाच कीं, मनूचा नियम एका वर्णाच्या उपजीविकेचा आहे, आणि मान्नाची कथा सबंध लोकसमूहाची आहे.

[३]

आतां प्रार्थनेंतील मूळ शब्दाकडे वळूं. ग्रीक पाठांत भाकरीस ‘एपिऊसिओस’ असें विशेषण आहे, आणि सर्व वाद या एका शब्दाचा आहे. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन हा स्वतः ग्रीक भाषेचा मोठा पंडित. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, हा शब्द ना विद्वानांच्या ग्रंथांत आढळतो ना सामान्य जनांच्या बोलींत, तो शुभवर्तमानकारांनींच घडविला असावा. व्युत्पत्ति दोन तऱ्हेनें लावतात. ‘ऊसिआ’ म्हणजे सत्ता किंवा अस्तित्व. त्यावरून ‘अस्तित्वास आवश्यक अशी’ भाकर. अथवा ‘येणारा दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून ‘येत्या दिवसाची’ भाकर.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें शुभवर्तमानांच्या लॅटिन पाठाचें संशोधन केलें, तेव्हां त्यानें एक विलक्षण गोष्ट केली. तोच ग्रीक शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानांत आला तेथें त्यानें ‘द्रव्यातीत’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजिला, आणि लूकाच्या शुभवर्तमानांत आला तेथें ‘रोजची’ या अर्थाचा जुनाच शब्द राहूं दिला. एकाच भाकरीचे असे दोन वांटे झाले, एक स्वर्गाकडे व एक चुलीकडे. जेरोमनेंच अन्यत्र नोंदलें आहे कीं, इब्री लोकांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांत या ठिकाणीं ‘उद्यां’ या अर्थाचा ‘माहार’ हा शब्द होता. हा अर्थ घेतला तर अश्वस्तनिकाच्या नेमकें उलट, उद्यांची भाकर आज मागितल्यासारखें होतें. परंतु उद्यांची चिंता करूं नका हा उपदेश मत्तयाच्या त्याच अध्यायाच्या शेवटीं आहे. म्हणून ‘उद्यां’ म्हणजे येणारें युग, आणि त्या युगाच्या पंक्तीचा एक घांस आजच मिळावा, असा समन्वय पुष्कळांनीं केला.

ऑगस्टीननें तीनहि अर्थ मान्य केले: शरीराचें अन्न, प्रभुभोजनांतील भाकर व देवाचें वचन. लूथरनें १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरींत उलट दिशा धरली. रोजची भाकर म्हणजे अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरेंढोरें, चांगला शेजार, चांगलें राज्य व वेळेवर येणारा पाऊस-वारा, अशी लांबलचक यादीच त्यानें दिली. भाष्यकारांची मतें कशीहि असोत, एक गोष्ट सर्वांस सारखीच मान्य होती. देहाच्या भुकेचा अनुभव ज्यास नाहीं त्यास आत्म्याच्या भुकेची उपमा कळणार नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत भृगु प्रथम अन्नासच ब्रह्म समजतो आणि तेथून पायरीपायरीनें आनंदापर्यंत चढतो. ख्रिस्ती रूपकांत अशी चढण नाहीं. तेथें अन्न मागें न टाकतां, अन्नाच्या ठायींच थांबावयाचें आहे.

[४]

प्रारंभीं हें सर्व प्रत्यक्ष जेवणांत घडत असे. इ. स. ५० ते ५५ च्या दरम्यान पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेलें पत्र याचा उत्तम पुरावा आहे. तेथें प्रभूचें भोजन म्हणून लोक एकत्र जमत. परंतु जे सधन ते आधीं येऊन जेवून घेत व मद्यानें धुंद होत, आणि जे गरीब ते मागाहून येऊन उपाशी राहत. पौलाचा संताप या पंक्तिप्रपंचाचा आहे. हें प्रभूचें भोजनच नव्हे, असें तो त्यांस स्पष्ट बजावतो. भाकरीच्या अर्थाविषयीं करिंथकरांचा कांहीं तात्त्विक घोटाळा झाला होता असें नव्हे. त्यांची चूक वाढपांत होती. आमच्या मतें या रूपकाच्या इतिहासांतील हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा कागद होय.

‘दिदाखे’ नांवाची जुनी शिक्षणपुस्तिका १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें एका हस्तलिखितांत सांपडली व १८८३ सालीं छापून प्रसिद्ध झाली. तींत मोडलेल्या भाकरीवर म्हणावयाची एक प्रार्थना आहे. डोंगरांवर विखुरलेले दाणे एकत्र येऊन जशी एक भाकर होते, तशी दिगंतीं पसरलेली मंडळी एक व्हावी, असा तिचा आशय. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन यानें रविवारच्या सभेचें वर्णन केलें आहे. त्यांत भाकर व पाणी मिसळलेला द्राक्षारस वांटल्यावर गैरहजर असलेल्यांचा वांटा घरीं पोंचविला जाई. आणि त्याच वेळीं जमलेल्या वर्गणींतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परकी प्रवासी यांस साह्य केलें जाई.

पुढील शतकांत भाकर हळूहळू घरापासून तुटली. प्रत्यक्ष जेवण निराळें झालें व विधि निराळा झाला. पश्चिमेकडील चर्चमध्यें बेखमीर पातळ चकती रूढ झाली, पूर्वेकडे खमिराची भाकर कायम राहिली, आणि १०५४ च्या रोम-कॉन्स्टँटिनोपल कलहांत हाहि एक वादविषय होता. तिकडे सामान्य जन ती चकती क्वचित् घेऊं लागले. इतके कीं १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेस, निदान ईस्टरच्या सुमारास वर्षांतून एकदां तरी ती घ्यावी, असा नियम करावा लागला. ‘आजची’ म्हणून मागितलेली भाकर वार्षिक झाली! रोजच्या सेवनास मोकळीक देऊन उत्तेजन देणारा फर्मान दहाव्या पायस पोपच्या कारकीर्दींत १९०५ सालीं निघाला.

[५]

ही प्रार्थना आमच्या किनाऱ्यावर आली ती या स्थितींत. तेथें भाकर गव्हाची नव्हती. किंबहुना अन्न म्हणजे भात. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास उतरला व १६१९ सालीं वारला. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ होय. ओवी हा छंद त्यानें निवडला ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. ग्रंथांतील ओवी व जात्यावरील ओवी यांच्या घडणींत भेद असला तरी गोत एकच. दळणाऱ्या स्त्रीच्या कानास ती परकी नव्हे. त्याचीच कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्यें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत प्रभूच्या प्रार्थनेंतील भाकरीच्या जागीं ‘ग्रास’ हा शब्द रूढ आहे. संस्कृत ‘ग्रस्’ धातूपासून आलेला हा शब्द कोणत्याहि धान्याचें नांव घेत नाहीं. तो केवळ घांसाचें माप सांगतो. आमच्या आचारांत गोग्रास आहे, आणि चांद्रायण व्रतांत चंद्रकलेप्रमाणें घांस मोजून घ्यावयाचे असतात. म्हणजे ‘ग्रास’ शब्दास मोजकेपणाचा व व्रतस्थपणाचा संस्कार आधींच होता. मान्नाच्या मापाशीं व ‘आजच्यापुरतें’ या मागणीशीं तो इतका जुळतो कीं, मूळ इब्री भावास लॅटिनपेक्षां हा शब्द अधिक जवळचा आहे असें म्हणावेसें वाटतें. गहूं-तांदुळाचा पेंचहि त्यानें आपोआप सुटला.

वेदीवर मात्र तो सुटला नाहीं. रोमन विधिनियमाप्रमाणें वेदीवरची भाकर गव्हाचीच पाहिजे. १९८३ च्या विधिसंहितेंतहि तोच नियम आहे. म्हणून तोंडीं ग्रास व वेदीवर गहूं असे दोन पदर राहिले. ते जोडण्याचें काम लोकांनीं आपल्या रीतीनें केलें. गोव्यांत श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास नवीं भाताचीं कणसें चर्चमध्यें आशीर्वादासाठीं नेतात. राय येथील कणसांचें फेस्त प्रसिद्ध आहे. मंगळूरकडील कोंकणी ख्रिस्ती ८ सप्टेंबरच्या मोंती फेस्तास आशीर्वादित दाणे दुधांत घालून घरांतील सर्वांस वांटतात. मुंबई-वसईकडील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन समाजांत ऑक्टोबरांत ‘आगेरा’ होतो. आमच्या नव्याच्या पौर्णिमेचें स्मरण होईल असे हे सण आहेत.

याच्या उलट बाजूहि सांगितली पाहिजे. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं काढलेल्या फर्मानांत, हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजविण्यास ख्रिस्त्यांस मनाई केली होती. ज्या धर्मानें रोजच्या घांसास प्रार्थनेच्या मध्यावर स्थान दिलें, त्याच्याच नांवानें त्या घांसाच्या मडक्यांत डोकावून मीठ तपासावें, हा इतिहासाचा कठोर विरोध आहे. विहिरींत पाव टाकून गांवें बाटविल्याची कथा गोवा-वसईकडे तोंडोतोंडीं चालत आली आहे. ती आम्ही घटनेचा पुरावा म्हणून घेत नाहीं, लोकमनाचा पुरावा म्हणून घेतों. अन्न ही सीमा झाली होती, एवढें तीवरून कळतें. काळानें पुढें ती सीमा पुसली: पोर्तुगीज ‘पांव’ मराठींत ‘पाव’ होऊन सर्वांच्या घरांत आला, आणि गोव्यांतील पोदेर आज कोणाच्या दारांत पाव देतांना धर्म विचारीत नाहीं.

[६]

देशावर निराळा शब्द आला. अमेरिकन मिशन १८१३ सालीं मुंबईंत व १८३१ सालीं अहमदनगरास स्थापन झालें. मराठी बायबलांत रूढ झालेला शब्द ‘भाकर’. ‘अन्न’ म्हटलें असतें तर शास्त्रशुद्ध झालें असतें. ‘पोळी’ म्हटलें असतें तर गहूं साधला असता. परंतु पोळी सणाची व सुखवस्तु घरची. भाकर ज्वारीबाजरीची, रोजची. मीठभाकर, शिळी भाकर, भाकरतुकडा, या शब्दांनीं मराठी माणसाच्या जिण्याचा हिशेब होतो. ‘भाकर’ घेतांना धान्य बदललें, पण रोजपणा राखला गेला. आणि योहानाच्या जवाच्या भाकरीशीं तर ज्वारीच्या भाकरीचें नातें गव्हाच्या पोळीहून जवळचें आहे. सर्वच शब्द असे सुदैवी नव्हते. आमच्या भाकरीस आंबवण नसल्यामुळें पीठ फुगविणाऱ्या पदार्थाच्या दृष्टान्तास ‘खमीर’ हा यावनी शब्द घ्यावा लागला. मद्य म्हटल्यास अपवित्रता येते म्हणून ‘द्राक्षारस’ असा सौम्य शब्द योजिला गेला. मिठाचा दृष्टान्त मात्र जसाच्या तसा उतरला. मीठ दोहोंकडे एकच.

या शब्दाची खरी कसोटी दुष्काळांत लागली. १८७६ ते १८७८ च्या व पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मिशनांनीं उपाशी लोकांस अन्न दिलें व अनाथ मुलें पोसलीं. पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया आणून केडगांवास आश्रय दिला. तेव्हां हे लोक भाकरीसाठीं बाटले, असा आक्षेप सर्वत्र ऐकूं येई. आक्षेप निराधार होता असें आम्ही म्हणणार नाहीं. भुकेल्याच्या संमतीस किती मोल द्यावें, हा प्रश्न दात्यानें स्वतःस विचारलाच पाहिजे. परंतु हाच प्रश्न मूळ ग्रंथांत आधीं विचारला गेला आहे, हें उभयपक्षांनीं विसरूं नये. पांच हजारांच्या जेवणानंतर सरोवर ओलांडून मागें आलेल्या जमावास येशूच सुनावतो कीं, तुम्ही पोट भरलें म्हणून आलां. मात्र हें त्यानें जेवूं घातल्यानंतर सांगितलें; आधीं अट घातली नाहीं. भाकर देणें व भाकरीची किंमत घेणें यांतील अंतर या क्रमांत आहे.

दुसरी कसोटी पंक्तीची. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा-बिस्किटें पुढें आल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें आणि त्यांत रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग कसा आला, तें सर्वश्रुत आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं; आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वरून दिसतें कीं, कोणाच्याहि हातचें खाण्याचा त्यांचा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीं झाला होता. म्हणजे या थोर स्त्रीच्या बाबतींत धर्मान्तर स्वयंपाकघरांत आधीं झालें व चर्चमध्यें मागाहून. वारकऱ्यांच्या काल्यांत सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र मिसळतात आणि घांस एकमेकांच्या मुखीं घालतात. तो भाव ज्यास ठाऊक आहे त्यास करिंथच्या पत्रांतील राग परका वाटणार नाहीं.

[७]

शेवटीं एका व्युत्पत्तीकडे लक्ष वेधून हें टिपण पुरें करितों. आमचा ‘भात’ हा शब्द संस्कृत ‘भक्त’ शब्दापासून प्राकृत ‘भत्त’ या रूपानें आला. ‘भक्त’ म्हणजे वांटून दिलेला भाग, आणि त्यावरून शिजविलेलें अन्न. ‘भक्ति’ हा शब्दहि त्याच ‘भज्’ धातूचा, आणि त्या धातूच्या जुन्या अर्थांत वांटणें व वांटेकरी होणें हा अर्थ आहे. म्हणजे ताटांतला भात व देवावरील भक्ति हीं एकाच कुळांतलीं. ग्रीक, लॅटिन, कोंकणी व मराठी अशा चार भाषांतून फिरलेल्या त्या चौथ्या मागण्यांतहि सर्वनाम अनेकवचनी आहे. भाकर ‘मला’ मागितलेली नाहीं, ‘आम्हांस’ मागितलेली आहे. ती शरीराची कीं आत्म्याची, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. शेजारी उपाशी असतां एकट्यानें खाल्लेली भाकर या प्रार्थनेंतील नव्हे, एवढा निर्णय मात्र तिच्या व्याकरणानेंच देऊन ठेविला आहे.